उलटतपासणीची खुर्ची

आजच्या समारंभाचे अध्यक्ष आणि आपल्या राष्ट्रीय प्रसारण संस्थेचे महासंचालक, व्यासपीठावर बसलेले विश्वस्त मंडळाचे मान्यवर सदस्य, ज्यांना निरोप द्यायला आपण जमलो आहोत ते आपले मुख्य वृत्तसंपादक, म्हणजे आपले सर, त्यांच्या शेजारी बसलेल्या त्यांच्या पत्नी, आपल्या काकू, वृत्तविभागापासून वाहनविभागापर्यंतचे माझे सगळे सहकारी, आणि सरांनी हट्ट धरून ज्यांच्यासाठी पुढच्या रांगा राखून ठेवल्या ते आपले श्रोते, सर्वांना माझा नमस्कार.

अशा प्रसंगी सुरुवात गौरवाने करावी असा संकेत आहे. मला मात्र ती एका दुरुस्तीने करावी लागते आहे. आज सकाळच्या बातम्यांनंतर सरांवर जो छोटा कार्यक्रम लागला, तो मी लिहिला होता आणि वाचलाही मीच होता. त्यात मी असं म्हटलं, की पगाराचं प्रकरण बाहेर आल्यावर सरांनी दुसऱ्याच दिवशी, कोणी न सांगता, स्वतःचा पगार रेडिओवर जाहीर केला. कार्यक्रम संपून हेडफोन खाली ठेवते तोच फोन वाजला. काकूंचा होता.

"छान वाचलंस गं. पण खोटं वाचलंस."

मी विचारलं, "काकू, काय चुकलं?"

"दुसऱ्या दिवशी कुठला? दोन आठवड्यांच्या वर घरात येरझाऱ्या घातल्या त्यांनी. आणि कोणी न सांगता म्हणे! मी सांगितलं होतं. हे घे, शेजारीच उभे आहेत, विचार त्यांना."

मागून सरांचा आवाज आला, "ती म्हणते ते बरोबर आहे. दुरुस्ती कधी लावतेस?"

आपल्या श्रोत्यांपैकी काहींना ठाऊक नसेल म्हणून सांगते. आमच्या वृत्तविभागात सरांनी घातलेला एक जुना नियम आहे. बातमीत चूक झाली, तर दुसऱ्या दिवशी त्याच वेळेला, ज्याच्या आवाजात चूक गेली त्याच्याच आवाजात दुरुस्ती जायची. दुसऱ्याकडून वाचून घ्यायची नाही, रात्रीच्या शेवटच्या बातमीपत्राच्या शेपटीला लावायची नाही. या नियमापायी भल्याभल्या वृत्तनिवेदकांना घाम फुटलेला मी पाहिला आहे. सरांचं पाठीमागचं नाव 'शुद्धिपत्र' आहे ते त्यामुळेच. (सर, तुम्ही हसताय म्हणजे तुम्हाला माहीत होतं.) तेव्हा उद्या सकाळी ही दुरुस्ती मी वाचीनच. पण या सभागृहातल्या कित्येकांनी तो कार्यक्रम ऐकला असेल, आणि तो मनात घेऊन तुम्ही टाळ्या वाजवाव्यात हे मला बरं वाटेना.

माझी आणखी एक अडचण आहे, तीही आधीच सांगून टाकते. मी आजवर स्टुडिओच्या काचेच्या पलीकडे बसत आले आहे. माइकसमोरच्या माणसाला बोटाने 'करा सुरू' अशी खूण करायची, हे माझं काम. अधूनमधून बातमीसाठी बाहेर पाठवतात, आणि आज सकाळसारखं एखादं पान वाचते, तेसुद्धा लिहिलेलं समोर असतं. इथे मला खूण करायला कोणी नाही, आणि माझ्याकडून ज्या एका उत्तराची वाट पाहिली जाते आहे, ते सगळ्यांना ठाऊक आहे. सर निवृत्त झाल्यावर गुरुवारचा 'उलटतपासणी' हा कार्यक्रम कोण चालवणार? महासंचालक साहेबांनी मला बोलावून विचारलं, महिनाअखेरपर्यंत मुदत दिली, आणि कोणीच तयार नसेल तर ती वेळ गाण्यांना द्यायची असंही ठरलं. मी अजून होकार दिलेला नाही. का दिला नाही, ते सरांची गोष्ट सांगता सांगता सांगते.

ते प्रकरण मी उगाळणार नाही. आपल्या प्रत्येकाला ते पाठ आहे. घराघरातून प्रसारण शुल्क गोळा करणारी ही संस्था 'आमची झोळी फाटकी' असं वर्षानुवर्षं सांगत होती, आणि त्याच वेळी वरचे तीन अधिकारी आणि सकाळचा आपला सर्वात लाडका आवाज पगाराशिवाय दुसऱ्या एका करारातून पगाराच्या कितीतरी पट रक्कम घेत होते. वर्तमानपत्रांनी ते छापलं. ज्यांच्या आवाजावर लोक घड्याळं लावत, ते निवेदक मागच्या दाराने गाडीत बसून गेले. आणि आपल्यापैकी ज्यांनी एक पैसाही जास्त घेतला नव्हता, त्यांनी गळ्यातलं ओळखपत्र शर्टाच्या आत टाकायला सुरुवात केली. मीही टाकत होते. माझे बाबा गवंडी आहेत. त्यांच्या कामावरची माणसं त्यांना विचारायची, "काय मिस्त्री, पोरीच्या ऑफिसात पैशाचं झाड आहे म्हणे? एक फांदी आणा की आम्हाला." बाबा वीट लावत राहायचे. आमच्या घरात शाळेचं तोंड पाहिलेली मी पहिली. मला या इमारतीत नोकरी लागली तेव्हा बाबांनी इमारतीच्या बाहेर उभं राहून तिच्या भिंतीवर हात फिरवला होता आणि म्हणाले होते, "काम चोख आहे." त्या माणसाला मी आता काय तोंड दाखवू, असं मला व्हायचं.

त्याच दिवसांत मला एक साधं काम मिळालं. शाळेच्या गणवेशांची शिलाई वाढली होती, त्यावर दोन-चार शिवणाऱ्यांशी बोलून आणायचं. एका जिन्याखाली छोटंसं दुकान होतं. दाराशी मशीन, खुंटीवर बिनबाह्यांचे शर्ट, फळीवर कॉलरींची चवड. शिवणाऱ्या बाईंनी माझ्या माइकवरची संस्थेची खूण पाहिली आणि मशीनच्या पायडलवरून पाय काढला.

"अगं बाई! म्हणजे ते पगारवाले तुम्हीच?"

दुकानात थांबलेली दोन गिऱ्हाइकं खो खो हसली. मी माझा प्रश्न रेटला, "बाई, यंदा शर्टाची शिलाई किती वाढली?"

"माझी मापं काढायला आलीस होय? आधी तुझ्या साहेबांचं माप सांग. तुमच्या घरी किती जातात ते कळू दे, मग मी किती घेते ते सांगते."

"मला साहेबांचं नाही माहीत, बाई."

"बरं, त्यांचं राहू दे. तुला किती मिळतात गं?"

मी माइकची वायर बोटाला गुंडाळत राहिले. बाईंनी गिऱ्हाइकांकडे पाहिलं. "बघा, एका प्रश्नात टाके उसवले."

त्या बाई आज पहिल्या रांगेत बसल्या आहेत. बाई, तुम्ही मान हलवू नका, मी एक अक्षर वाढवलेलं नाही. ध्वनिमुद्रण आहे माझ्याकडे.

मी परत आले ती रडकुंडीला येऊन. उपसंपादकांनी ते ऐकलं आणि म्हणाले, "सर, हिला काहीच मिळालं नाही. भाव तर बाईंनी सांगितलाच नाही." सरांनी हेडफोन लावला, डोळे मिटले आणि शेवटपर्यंत ऐकलं. टाके उसवल्याचं वाक्य त्यांनी परत लावून ऐकलं.

"आवाज स्वच्छ आहे?"

"आहे सर. पण हे आपल्यावरच आहे."

"म्हणूनच म्हणतो, काही कापू नका. सकाळी लावा."

सकाळी ते जसंच्या तसं लागलं. माझं गप्प बसणंसुद्धा लागलं. त्या दिवसापासून फोनवर एकच प्रश्न: "मग सांगा की पगार!" आमच्या टेलिफोनवरच्या ताई इतक्या वैतागल्या, की एका श्रोत्याला म्हणाल्या, "माझा ऐकता का? रडाल." पण वर सगळं चिडीचूप. ज्याला त्याला वाटत होतं, दुसऱ्याने आधी बोलावं.

आता दुरुस्तीतला भाग. त्या दोन आठवड्यांत सर घरी गेले की रेडिओ बंद करायचे. ज्या माणसाने तीस वर्षं प्रत्येक बातमीपत्र ऐकलं, त्याने! एका सकाळी ते शर्टाला इस्त्री करत होते, तेव्हा काकू म्हणाल्या (हे मी आज फोनवर त्यांच्याकडून शब्दशः उतरवून घेतलं आहे), "जन्मभर दुसऱ्यांना दुरुस्त्या वाचायला लावल्यात. आता तुमच्या तोंडाला काय झालं?"

"सगळ्या देशाला माझा पगार कशाला हवाय?"

"मग त्या बिचारीला तिची शिलाई कशाला विचारायला गेलात?"

सरांनी इस्त्री तशीच उभी केली आणि घराबाहेर पडले. शर्ट एका बाहीला चुरगळलेलाच होता. तो मी पाहिला होता, कारण त्या सकाळी काचेच्या पलीकडे मी होते. बातम्या संपल्या. सर स्वतः माइकसमोर बसले आणि म्हणाले, "मी या संस्थेचा मुख्य वृत्तसंपादक. तुमच्या शुल्कातून मला दरमहा इतका पगार मिळतो," आणि आकडा सांगितला. मी खूण करायला विसरले होते. त्यांनी खुणेची वाटही पाहिली नव्हती.

तुम्हाला वाटेल, त्या क्षणी लोकांनी टाळ्या वाजवल्या असतील. कुठल्या टाळ्या? कोपऱ्यावरच्या चहावाल्याकडे मी माझ्या कानांनी ऐकलं, "पकडले गेले म्हणून सांगताहेत. नाटकं नुसती." आणि मला ते पटत होतं, हेही कबूल करते. कुणाला नाही पटणार?

खरी गंमत त्या संध्याकाळी झाली. सरांच्या स्वयंपाकघरातला नळ गळत होता. संस्थेचा नळदुरुस्तीवाला आला, वायसर बदलला. काकूंनी विचारलं, "किती झाले?" तो म्हणाला, "काही नाही हो. घर संस्थेचं आहे ना!" सर जेवत होते. हातातला घास तसाच राहिला. संस्थेच्या घरात ते नाममात्र भाड्यात राहतात, ही गोष्ट सकाळच्या आकड्यात नव्हतीच! लपवायची म्हणून वगळली नव्हती. पायातली चप्पल जशी लक्षात राहत नाही, तसं ते घर त्यांच्या लक्षातच राहिलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी त्याच वेळेला, त्याच आवाजात, सर म्हणाले, "काल मी तुम्हाला माझा पगार सांगितला. तो चुकीचा होता. मला राहायला संस्थेचं घर आहे, ते मी धरलं नव्हतं. बाहेर तेवढ्या घराला इतकं भाडं पडतं. शिवाय काल आमचा नळ फुकट दुरुस्त झाला, तोही यात धरावा."

नियंत्रणकक्षात फोन वाजला. एक म्हातारे गृहस्थ होते. मी तो थेट सरांकडे दिला. ते म्हणाले, "पगाराचं असू दे हो. नळ तरी नीट झाला का?"

त्या खोलीत कित्येक दिवसांनी आम्ही हसलो. अहो, हसता हसता ध्वनितंत्रज्ञ खुर्चीवरून घसरले! आणि त्या दिवशी आलेल्या फोनांमध्ये पहिल्यांदा शिव्या नव्हत्या, प्रश्न होते. मी पुष्कळदा विचार करते, की असं का झालं असावं? पगार सांगितल्याने लोक मऊ झाले नाहीत. सांगितलेलं चुकलं, आणि कोणी पकडण्याआधी त्या माणसाने येऊन ते सांगितलं, याने ते थोडे सैलावले. पहिला आकडा बिनचूक असता, तर मला वाटतं आपण आजही ओळखपत्रं शर्टाच्या आत टाकून फिरत असतो.

'उलटतपासणी' सुरू झाली ती त्यानंतर. दर गुरुवारी संस्थेतलं एक माणूस त्या खुर्चीत बसायचं, आधी आपला पगार आणि सवलती सांगायच्या, मग काम सांगायचं, मग श्रोते विचारतील त्याची उत्तरं द्यायची. फोन गाळायचे नाहीत, ही सरांची अट. मी एकदा घाबरून विचारलं होतं, "सर, कोणी घाणेरडं बोललं तर?" ते म्हणाले, "तर आपण नीट बोलायचं." वाहनचालक काका बसले तेव्हा एका मुलीने विचारलं, "गाडीत तुम्ही आपलंच केंद्र ऐकता का?" काका म्हणाले, "नाही बाळ. गाणी तिकडची चांगली असतात." संगीत विभागाने आठवडाभर त्यांच्याशी अबोला धरला, आणि मग गाणी सुधारली! महासंचालक साहेब, तुम्हीही बसलात. त्या दिवशी तुम्ही मला तीनदा विचारलं होतं, की वातानुकूलन चालू आहे ना. चालू होतं, साहेब. पण तुम्ही उठून गेला नाहीत. दोन गाड्यांची काय गरज, असं एका शिक्षिकेने विचारलं तेव्हा तुम्ही म्हणालात, "खरं सांगू? काही नाही." तुमची ती दुसरी गाडी आता वार्ताहरांना घेऊन फिरते. मला ज्या गोष्टींचा अभिमान आहे त्यांत ही मोजते, आणि हे तुमच्यासमोर म्हणायला मला भीती वाटत नाही, यालाही कारण ती खुर्चीच आहे.

आज प्रसारण शुल्क भरायच्या खिडकीशी पुन्हा माणसं दिसतात. आमच्या वार्ताहरांना लोक दुकानात बसायला स्टूल देतात. यंदा गणवेशाच्या भावाची बातमी करायला मी पुन्हा त्या जिन्याखाली गेले. बाईंनी भाव सांगितला, कापडाचा सांगितला, बटणांचा सांगितला, आणि वर मलाच ऐकवलं, "नीट लिहून घे, नाहीतर तुमचा तो म्हातारा उद्या दुरुस्ती वाचेल." सर, 'म्हातारा' हा शब्द त्यांचा आहे, माझा नव्हे.

आता माझ्या न दिलेल्या उत्तराकडे येते. ही खुर्ची चालवणाऱ्याने पहिल्या दिवशी आधी स्वतःचा पगार सांगायचा असतो. इतकी वर्षं मी काचेआड होते म्हणून सुटले. साहेब मला म्हणाले होते, "लोकांचा विश्वास आता बसलाय. झालेल्या जखमेवरची पट्टी दर गुरुवारी कशाला उचलून दाखवायची?" साहेब, मी तेव्हा काही बोलले नाही, कारण ती पळवाट मला मनातून हवीहवीशी वाटली होती. माझा पगार साहेबांच्या मानाने काहीच नाही, पण माझ्या घरात आजवर कुणी इतका पाहिलेला नाही. बाबांबरोबर काम करणाऱ्यांना तो कळला तर ते त्यांच्याशी पूर्वीसारखे बोलतील का? रविवारी जेवताना मी विषय काढला.

"बाबा, माझा पगार रेडिओवर सांगितला तर चालेल?"

बाबा म्हणाले, "मोठा आहे म्हणून लाजतेस, की लहान आहे म्हणून?"

"दोन्ही."

"मग बरोबर असेल. सांग."

आईने वाटी खाली ठेवली. "सांगायचा म्हणजे? मावशी ऐकते ना दर गुरुवारी!"

"ऐकू दे की. मावशीला काय त्याचं?"

आईने वाटी उगाच परत उचलली. मग हळूच म्हणाली, "तिला मी दुप्पट सांगितलाय."

बाबा इतके हसले की त्यांना ठसका लागला. मी म्हटलं, "आई, आता गं? मी माझा खरा सांगणार, आणि मावशी तुला खोटं पाडणार."

"पाडेल कशी? बुधवारी मीच तिला फोन करते," आई म्हणाली. "माझ्या तोंडून गेलंय, माझ्याच तोंडून परत घेईन. तू तुझं बघ."

जी बाई कधी शाळेत गेली नाही, तिने हे वृत्तविभागाचा दुरुस्तीचा नियम माहीत नसताना ठरवलं. ती आज इथे आलेली नाही, मावशीशी बोलायचा सराव चालला आहे म्हणाली. बाबा आले आहेत, मागच्या भिंतीला टेकून उभे आहेत. खुर्ची देऊ केली तरी बसले नाहीत.

सर, तुम्ही मला एकदाही विचारलं नाहीत, 'तू बसशील का' म्हणून. तुम्ही विचारलं असतं तर मी तुमच्या शब्दाखातर हो म्हटलं असतं, आणि मग ते हो तुमचं झालं असतं. या न विचारण्याबद्दल मी तुमची ऋणी आहे. काकू, तुमच्या आजच्या फोनबद्दलही. माझ्यासारख्या व्यासपीठावर नवख्या मुलीला इतका वेळ बोलू दिलंत, त्याबद्दल अध्यक्षांचे, व्यासपीठावरच्या मान्यवरांचे आणि आपणा सर्वांचे मनापासून आभार. बोलताना कुणाचा मान राखायचा राहिला असेल, कुणाविषयी चारचौघांत न शोभणारं बोलून गेले असेन, तर ते माझ्या अजाणतेपणाचं समजून उदार मनाने पोटात घ्यावं.

आणि साहेब, तुमच्या प्रश्नाचं उत्तर. माझा पगार किती ते आज इथे सांगत नाही, तो आधी ऐकायचा हक्क रेडिओवर ऐकणाऱ्यांचा आहे. पण ती वेळ गाण्यांना देऊ नका. पुढच्या महिन्याच्या सात तारखेला, गुरुवारी, सकाळच्या बातम्या संपल्या की त्या खुर्चीत मी बसते आहे.